अनुमोदक : सौ. महेश्वरी

परभणी
४ जुलै २०२२

प्रिय वैदेही,
शरणार्थी.

आमच्यातल्या ह्या नमस्काराला तू हसशील, अन् फोन असताना पत्र कशाला, असंही म्हणशील. सांगते. आत्याबाईंना आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनवर घ्यावं लागतं. एका बारीला चार तास. त्या वॉर्डात मोबाइल बंद ठेवायचा असतो, अन् सासू-सुनांनी चार तास एकमेकींच्या तोंडाकडं बघून करायचं तरी काय. पहिल्या आठवड्यात मी जुने पेपर वाचून दाखवले. त्या म्हणल्या, "ह्यातलं एक माणूस बी वळखीचं न्हाई. गावाकडचं काई असंल तर वाच." म्हणून तुला ताकीद आहे, अधूनमधून एखादं लांबलचक पत्र पाठवत जा. आमचे हे दर रविवारी दुकान बंद करून येतात, त्यांच्याजवळ दे. तू लिहिशील ते मी मोठ्यानं वाचणार आहे, तेव्हा जपून लिही.

आम्ही स्टेशनच्या मागं एक खोली घेतली. तांबूळवाडीहून दर बारीला देवगाव फाट्यापर्यंत यायचं अन् तिथून बस धरायची, हे आत्याबाईंना झेपणारं नाही. निदान वर्षभर तरी इथंच मुक्काम. दुपारी जेवून पडलं की स्टेशनवरची पुकारणारी बाई खिडकीतून आत येते. काल डोळा लागला तर ती गाडीचं नाव घ्यायचं सोडून आपल्या मासिक सभेचे विषय पुकारायली होती. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मी फलाटावर बसून हात वर करायले, पण हात काही वर जाईना. बाजूचे लोक गाठोडी उचलून निघून गेले, अन् मी तशीच बसून होते.

सोबत रजेचा अर्ज आहे, सरपंच श्रीरामभाऊंच्या नावानं. परवानगी न घेता सलग सहा महिने सभेला गेलं नाही की ग्रामपंचायतीचं सदस्यपद जातं, हे आपल्याला प्रशिक्षणात सांगितलं होतं. तू तेव्हा झोपली होतीस. मी वॉर्ड तीनमधून निवडून आले ती एकाच बोलीवर, बारव साफ करून घेईन म्हणून. ते व्हायच्या आत पद गेलं तर लोकांना काय, मला आत्याबाईंनाच तोंड दाखवता यायचं नाही. एवढा अर्ज तू स्वतः सभेत ठेव अन् ठराव करून घे.

आत्याबाई विचारायल्यात, बारवेचं पाणी कितव्या पायरीला आहे. मोजून कळव.

तुझी
महेश्वरी

*

तांबूळवाडी
२६ जुलै २०२२

प्रिय महेश्वरी,
आणि पडल्यापडल्या ऐकणाऱ्या चन्नबसम्मा आत्या,
दोघींना नमस्कार.

सभा परवा झाली. वेळ दुपारी दोनची, बसलो साडेतीनला. पंखा आळसात फिरत होता. खिडकीबाहेरच्या लिंबाची सावली आत येऊन टेबलावर हलत होती, आणि ग्रामसेवक व्यंकटराव मागचं इतिवृत्त वाचत होते. त्यांचा आवाज तुला माहीतच आहे. दोन परिच्छेदांत श्रीरामभाऊंचे डोळे मिटले. नागनाथ शिपाई दाराला टेकून उभ्याउभ्या पेंगायला लागला. अंगणवाडीचे पत्रे, सर्वानुमते मंजूर. गुरांचा हौद, सर्वानुमते मंजूर. ऐकता ऐकता मला वाटलं, आपलं गाव कुणाला तरी स्वप्नात दिसतंय आणि व्यंकटराव ते वहीत उतरवून घ्यायलेत.

या वेळी हापशी दुरुस्तीच्या ठरावाला सूचक म्हणून माझं नाव लागलं. मी तेव्हा आतल्या खोलीत चहा गाळत होते. व्यंकटरावांची पद्धत तीच, सात सदस्यांची यादी वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेली आणि सूचक, अनुमोदक पाळीनं. शाळेत मुलं पाळीनं फळा पुसतात तसं. कोण बोललं, कोण गप्प बसलं, याच्याशी यादीला काही देणंघेणं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "ताई, पाळीनं लिहिलं की कुणाचं भांडण होत न्हाई." तेही खरंच. सभेनंतर नागनाथ नेहमीप्रमाणं वही काखेत मारून घरोघर सह्यांना निघाला.

तुझा अर्ज पोचला. त्याची बिलकुल काळजी करू नकोस. तुझं नाव वहीत सुखरूप आहे.

आत्यांना सांग, मी स्वतः बारवेत उतरून पायऱ्या मोजल्या. बत्तीसपैकी चौदा कोरड्या, बाकी पाण्यात. कचरा खूप आहे, प्लॅस्टिकच्या पिशव्या, फुटके माठ, देवाची जुनी चित्रं. पण दुपारचं ऊन सरळ आत उतरतं तेव्हा कचऱ्याच्या खालचं पाणी हिरवंगार दिसतं. तिथं बसलं की वरचं बोलणं ऐकू येतं, पण शब्द कळत नाहीत. मी बराच वेळ बसून राहिले. घरी आल्यावर आमच्या मास्तरांनी विचारलं कुठं होतीस, तर मी पायऱ्यांचा आकडाच सांगितला, चौदा.

तुझी
वैदेही

*

परभणी
३० सप्टेंबर २०२२

प्रिय वैदेही,
शरणार्थी.

तुझं पत्र चारदा वाचून झालं. आजूबाजूच्या खाटांनाही आता तांबूळवाडीची माहिती झाली आहे. जिंतूरकडचे एक दाजी रोज विचारतात, "हापशी दुरुस्त झाली का हो?" तू माझी रजा मंजूर करून घेतलीस, जीव भांड्यात पडला. ठरावाचा नंबर तेवढा कळव, मी माझ्या डायरीत लिहून ठेवते.

पायऱ्यांचं ऐकून आत्याबाई बोलायला लागल्या त्या मशीन सुटेपर्यंत बोलतच होत्या. माझ्या लग्नाला सहा महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. मी बारवांच्या वालूरची, पण पाण्याला लय भ्यायची. एक दिवस बाप्ये शेतात गेल्यावर आत्याबाईंनी मला बारवेवर नेलं. पाठीला वाळका भोपळा बांधला अन् म्हणल्या, उतर. मी पायरीला घट्ट धरून रडायले. त्या स्वतः नऊवारीचा काचा मारून पाण्यात उतरल्या, अन् पाठीवर निवांत पडल्या. सासू अशी आभाळाकडं तोंड करून पाण्यावर पडलेली मी पहिल्यांदाच बघितली. घरात त्या कधी नुसत्या बसलेल्या सुद्धा दिसत नव्हत्या. मला म्हणल्या, "हातपाय झाडू नको. गपचीप पड. पाणी धरतंय." वैदेही, पाण्यानं धरलं. त्या दिवसापासून आमच्या दोघींत जे काही आहे ते तिथं सुरू झालं. घरात आम्ही भांडलो, अबोला धरला, पण बारवेत कधी भांडलो नाही.

आता त्यांचा एक हात सुईमुळं हलवता येत नाही. चार तास तशाच पाठीवर पडून असतात. परवा डोळे मिटून म्हणल्या, "म्हेश्वरे, पाणी गार हाय." मी घाबरून नर्सला हाक मारली. तर त्या हसायल्या. म्हणल्या, "जाऊन यायले जरा. तू कशाला आरडायली."

डॉक्टरांना मी विचारलं, बऱ्या होतील का. ते म्हणाले, मशीन आहे तोवर आहेत. मी आत्याबाईंना सांगितलं, बारव साफ झाली की उन्हाळ्यात तुम्हाला पायरीवर नेऊन बसवते. त्या दिवसापासून त्या गोळ्या स्वतः मागून घ्यायल्यात. माझं पद मला एवढ्याचसाठी पाहिजे. नाही, खोटं कशाला बोलू, नुसतं एवढ्याचसाठी नाही. पंधरा वर्षं मी रामलिंगची बायको अन् पोरांची आई होते. त्या वहीत पहिल्यांदा कुणीतरी सौ. महेश्वरी रामलिंग मिटकरी असं पूर्ण लिहिलं. ते वाचून मी घरी येऊन आरशात बघितलं होतं.

तुझी
महेश्वरी

*

तांबूळवाडी
१४ नोव्हेंबर २०२२

प्रिय महेश्वरी,
सप्रेम नमस्कार.

उशीर झाला. घरात पाहुणे, मग दिवाळी, मग मास्तरांना ताप. ठरावाचा नंबर व्यंकटरावांकडून घ्यायचा राहिला, घेते.

गावात सध्या एकच विषय आहे. ग्रामपंचायतीला नवी इमारत मंजूर झाली. खाली कार्यालय, वर सभेची मोठी खोली. मार्चच्या आत जागा दाखवून काम सुरू केलं नाही तर मंजुरी परत जाणार. श्रीरामभाऊ वेड लागल्यासारखे जागा बघत फिरायलेत. माणूस वाईट नाही गं. पावसाळ्यात वहीवर छत्री धरून सभा घेतलीय त्यांनी. शाळेमागची जागा आहे, समाजमंदिराजवळची लहान जागा आहे, अजून एकदोन आहेत. कुठं बांधायची ते ठरायचंय.

सभेत मी हल्ली खिडकीजवळ बसते. बोलणं चालू असतं आणि लिंबाची पानं गळत असतात, एक एक. मी पानंच मोजत बसते. व्यंकटरावांनी काल माझं नाव दोनदा पुकारलं म्हणे.

आत्यांना माझा नमस्कार सांग. बारवेच्या नऊच पायऱ्या कोरड्या आहेत आता. यंदा पाणी चांगलं आहे.

तुझी
वैदेही

*

परभणी
२५ डिसेंबर २०२२

वैदेही,

आज आमचे हे आले. डबा ठेवला, पाणी प्यायले अन् सहज म्हणाले, "बारवेच्या चहूकडून चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारल्यात. मुरमाच्या दोन ट्रॉल्या बी येऊन पडल्यात. बुजवून वर इमारत घेणार म्हणायलेत." आत्याबाई जाग्या होत्या. सगळं ऐकलं असेल की काय, म्हणून मी त्यांच्याकडं बघितलं. त्या भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या.

दुपारी मशीनवर त्या म्हणल्या, वैदेहीचं पत्र आलं असंल, वाच. तू पत्र पाठवलंच नव्हतंस. मी वाण्याच्या हिशेबाचा कागद हातात धरला अन् तोंडाला येईल ते वाचलं. बारव निम्मी साफ झाली, माठ काढले, पाणी दिसायलं, नागनाथानं पायऱ्या झाडल्या. त्या ऐकता ऐकता झोपल्या. मला मात्र माझ्याच आवाजाची लाज वाटली.

जागेचा ठराव झाला का? कधी झाला? तू तिथं होतीस ना? मी रजेवर असले तरी लेखी विरोध देता येतो असं मला वाटतं. सोबत विरोधाचं पत्र जोडलं आहे. समाजमंदिराजवळची जागा घ्या, लहान असली तरी चालेल, असं स्पष्ट लिहिलं आहे. जानेवारीच्या सभेत वाचून दाखव. अन् माझ्या रजेच्या ठरावाचा नंबर मला पाहिजे. तीन महिने झाले मागायले.

महेश्वरी

*

तांबूळवाडी
२८ डिसेंबर २०२२

महेश्वरी,

हे पत्र आत्यांना वाचून दाखवू नकोस. हात जोडते.

तुझ्या रजेचा ठराव झालाच नाही. तुझा अर्ज माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली. जुलैत मी तो सभेत नेला होता. श्रीरामभाऊ म्हणाले, "ताई, रजेबिजेचं कशाला काढता. ठराव घेतला की तो बोर्डावर लावावा लागतो, मग गावभर चर्चा, की वॉर्ड तीनची बाई वर्षभर येणार न्हाई. तिच्या सासूच्या आजाराचा तमाशा कशाला? वही घरोघर जातीच की." मला ते पटलं. खरंच पटलं. नागनाथ वही घेऊन आधी माझ्याकडं येतो. मी माझी सही करायचे आणि खाली तुझी. तुझी सही मला येते, प्रशिक्षणात तू दोघींच्या हजेऱ्या लावायचीस तेव्हा बघून बघून आली. जुलै ते डिसेंबर, सहा सभा. वहीत तू एकाही सभेला चुकलेली नाहीस.

आता पुढचं. डिसेंबरच्या सभेत बारव बुजवून तिथं इमारत घ्यायचा ठराव आला. पाच मिनिटांत झाला. कुणीच काही बोललं नाही. मी विरोध करणार होते, शब्द तोंडाशी आला होता, पण तेवढ्यात व्यंकटराव पुढच्या विषयावर गेले. आणि मला वाटलं, पुढच्या महिन्यात बघू. नंतर नागनाथानं वही आणली तेव्हा मी वाचलं. सूचक श्रीरामभाऊ. अनुमोदक सौ. महेश्वरी रामलिंग मिटकरी. पाळी तुझी होती, महेश्वरी. यादीत तुझं नाव आलं आणि व्यंकटरावांनी ते लिहिलं. तू वहीत हजर होतीस ना.

तेव्हा तरी मी थांबायला पाहिजे होतं. नागनाथ दारात उभा होता, म्हणाला, ताई लवकर करा, अजून तीन घरं हायेत. मी सही केली. तुझी सुद्धा.

तुझं विरोधाचं पत्र मला वाचता येणार नाही. वाचलं तर विचारतील, डिसेंबरला अनुमोदन दिलं आणि आता विरोध कसा? तू म्हणालीस की मी सभेला नव्हतेच, तर सहा महिन्यांची गैरहजेरी उघडी पडेल. तुझं पद जाईल. माझं काय व्हायचं ते होईल, सही माझ्या हातची आहे. मी तुला एवढंच म्हणते, गप्प राहा. पद राहिलं तर अजून तीन वर्षं तू पुष्कळ कामं करशील. बारव तशीही पडीकच आहे, कुणी उतरत नाही. आत्या परभणीतच आहेत. त्यांना कोण सांगायला जातंय.

मी तुझं भलं करायला गेले होते. रागावू नको असं कोणत्या तोंडानं म्हणू.

वैदेही

*

परभणी
५ जानेवारी २०२३

वैदेही,

तुझं पत्र बाथरूममध्ये जाऊन वाचलं. खोलीत तेवढीच एक जागा आहे जिथं आत्याबाई दिसत नाहीत.

मला राग आलाय. लय आलाय. तू भलं करायला गेलीस हे मला कळतं, म्हणून तर धड शिव्याही देता येईनात. माझं नाव पहिल्यांदा एका वहीत लागलं, अन् त्याच नावानं बारव बुजायली. आत्याबाईंनी मला जिथं पाण्यावर धरलं, तिथं मुरूम टाका असं मी म्हणाले. वहीत तसंच आहे. उद्या माझ्या पोरीनं ती वही उघडली तर तिला काय दिसणार?

तीन रात्री विचार केला. गप्प बसले तर पद राहतं, तू वाचतेस, घरातही शांतता. आमचे हे म्हणाले, गप्प बस, आजारपण कमी आहे का. मीही एकदा ठरवलं होतं. मग काल मशीनवर आत्याबाई अर्धवट झोपेत पाय हलवायल्या, पाण्यात हलवतात तसे, अन् मी कागद न धरताच खोटं वाचायले, की बारव पूर्ण साफ झाली. त्या म्हणल्या, "सगळी?" मी म्हणले, सगळी. त्यांनी डोळे उघडले अन् माझ्याकडं बघितलं. तसं बघणं रोज सोसून मी त्या पदाचं काय करू?

जानेवारीच्या सभेत पहिला विषय काय असतो ते तुला सांगायला नको. इतिवृत्त वाचून कायम करणे. कायम व्हायच्या आत चुकलेलं सांगता येतं, एकदा कायम झालं की संपलं. सभा चोवीसला आहे ना? चोवीसला मशीन नाही. मी सकाळच्या बसनं येते, ह्यांना त्या दिवशी आत्याबाईंजवळ ठेवते. सांगून लगेच परत निघते.

सह्या कुणी केल्या हे मी सांगणार नाही. विचारलं तरी नाही. माझ्या मी केल्या नाहीत, एवढंच सांगेन.

महेश्वरी

*

तांबूळवाडी
२५ जानेवारी २०२३

प्रिय महेश्वरी,

तू बोललीस आणि निघून गेलीस. बस चुकेल म्हणून गेलीस हे मला माहीत आहे, पण खोलीतल्या कुणाला ते सुचलं नाही. सगळे दाराकडं बघत राहिले. मागं काय झालं ते तुला कळायला पाहिजे म्हणून लिहिते. हे पत्र तू कुणालाही वाचून दाखव.

तू म्हणालीस, "जुलैपासून मी एकाही सभेला नव्हते. डिसेंबरला बी नव्हते. अनुमोदन मी दिलेलं न्हाई. तसं लिहा." व्यंकटरावांनी पेन उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. श्रीरामभाऊ म्हणाले, "लिहा आता. स्वतः सांगायल्या तर लिहावंच लागंल." व्यंकटरावांनी लिहिलं आणि लिहिलेलं वाचून दाखवलं. सौ. महेश्वरी मिटकरी या मागील सहा सभांना गैरहजर होत्या.

मग कुणीतरी विचारलं, वहीतल्या सह्या कुणाच्या? तुझ्या सांगण्याप्रमाणं मी गप्प बसायला हवं होतं. खोली मला एकदम लांब गेल्यासारखी वाटली, बारवेत खाली बसून वरचे आवाज ऐकावेत तशी. मी उठले. म्हणाले, माझ्या हातच्या आहेत. एवढं बोलून खाली बसले. वाटलं होतं तेवढं अवघड नव्हतं. श्रीरामभाऊंनी माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. त्यांनीच सांगितलं होतं ना वही घरोघर न्यायला. नंतर तेही म्हणाले, "ह्यात मी बी हाय."

आता ठरावाला अनुमोदकच राहिला नाही. मुरूम येऊन पडलाय, मार्च जवळ आलाय. व्यंकटरावांनी सवयीनं पुठ्ठ्यावरची यादी बघितली आणि म्हणाले, पुढचं नाव वैदेहीताई. लिहायला सुरुवात सुद्धा केली. मी म्हणाले, न्हाई. ते म्हणाले, मग त्यापुढचं. मी म्हणाले, यादी बाजूला ठेवा. ज्याला बारव बुजवायची आहे त्यानं तोंडानं सांगावं, मी अनुमोदन देतो म्हणून, आणि मग त्याचं नाव लिहा.

महेश्वरी, दोन वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत कुणी पेंगत नव्हतं. श्रीरामभाऊंनी एकेकाकडं बघितलं. एकानं चष्मा पुसला. एक म्हणाला, माझी आजी तिथंच धुणं धुवायची, मला बोलायला लावू नका. एक म्हणाला, इमारत पाहिजे, पण नाव माझं नको. कुणी भांडलं नाही. कुणी विरोधाचं भाषणही केलं नाही. फक्त बारव बुजवा असं स्वतःच्या तोंडानं म्हणायला एकही माणूस निघाला नाही. बाहेर शाळा सुटल्याचा आवाज आला. शेवटी श्रीरामभाऊ म्हणाले, "लिहा, अनुमोदक न मिळाल्यामुळे ठराव बारगळला. समाजमंदिराजवळची जागा घ्या."

त्या ठरावाला अनुमोदन मी दिलं. तोंडानं.

तुझा आणि माझा अहवाल वर जाणार आहे. मला चौकशीची नोटीस येईल असं मास्तर म्हणतात. ते चिडलेत आणि जेवलेही नाहीत, पण आज सकाळी माझ्याबरोबर बारवेवर आले होते. तू मला माफ करावंस असं मी म्हणत नाही. नुसतं उत्तर दे.

तुझी
वैदेही

*

परभणी
१२ मार्च २०२३

प्रिय वैदेही,
शरणार्थी.

उत्तराला उशीर केला, कारण राग पूर्ण जायची वाट बघायले होते. तो काही पूर्ण गेला नाही. थोडा राहू दे. तू परभणीला ये, दोन दिवस राहा, भांडू, मग जाईल.

माझं पद रिक्त झाल्याचा कागद परवा आला. त्यावर माझं नाव पूर्ण लिहिलेलं आहे, सौ. महेश्वरी रामलिंग मिटकरी, अन् खाली, अपात्र. मी तो दोनदा वाचला अन् घडी करून पिशवीत ठेवला. वाईट वाटलं. कुणी विचारलं तर म्हणते काही वाटलं नाही, पण तुला सांगते, रडले. आमचे हे आज आले ते माझ्यासाठी पेढे घेऊन. पद गेल्यावर पेढे कुणी आणतं का, म्हणून मी त्यांना हसले. ते म्हणाले, "दुकानात आलेली बायामाणसं विचारायलीत तुझं. काय सांगू त्यान्ला?"

आत्याबाईंना मी काल सगळं सांगितलं. फक्कीच्या रेघा, तुझ्या सह्या, माझं अनुमोदन, वाण्याच्या कागदावरून वाचलेली खोटी पत्रं, पद. काही गाळलं नाही. मग तुझं जानेवारीचं पत्र वाचलं. कुणी बोलायला तयार होईना, तिथं आल्यावर जिंतूरचे दाजी खाटेवर उठून बसले. नर्स येऊन ओरडली तेव्हा आडवे झाले.

आत्याबाईंना खोटी पत्रं कळली होती. म्हणल्या, "तुझा आवाज खरं वाचताना येगळा असतो." मी खाली बघितलं. मग त्यांनी विचारलं, "माझ्यापायी गेलं का तुझं पद?"

मी नाही म्हणणार होते. तोंडाशी आलं होतं. पण खोटं वाचून वाचून मी बेजार झाले होते, म्हणून म्हणले, "हो आत्याबाई. तुमच्यापायीच गेलं."

त्यांनी सुई नसलेला हात बाहेर काढला अन् माझं मनगट धरलं. इतकं घट्ट धरलं, मला वाटलं नव्हतं त्यांच्यात एवढं बळ उरलंय. म्हणल्या, "मंग मला आता दोन-तीन उन्हाळे तरी जगावं लागंल. न्हाईतर लोक म्हणतील, म्हेश्वरीचं पद फुकट गेलं."

मी म्हणले, लागेल. डॉक्टर काय म्हणाले होते ते मलाही माहीत आहे अन् त्यांनाही. तरी आम्ही दोघींनी बोटं मोजली, हा एक, पुढचा एक, त्याच्या पुढचा एक.

तुझी
महेश्वरी